विश्वस्त

पूर्व आफ्रिकेतील टांगानिका हा देश ९ डिसेंबर १९६१ रोजी स्वतंत्र झाला. त्या दिवसापर्यंत तेथे ब्रिटिशांचे राज्य होते. परंतु कायद्याच्या परिभाषेत तो ब्रिटिशांची वसाहत नव्हता. पहिल्या महायुद्धात पराभूत झालेल्या जर्मनीकडून काढून घेतलेला हा मुलूख प्रथम राष्ट्रसंघाने आणि १९४६ पासून संयुक्त राष्ट्रसंघाने ब्रिटनच्या स्वाधीन केला होता, आणि कागदोपत्री त्याचे वर्णन 'विश्वस्त प्रदेश' असे होते. विश्वस्त हा शब्द मराठी वाचकाला देवस्थानांच्या कारभारामुळे आणि गांधीजींच्या विचारामुळे परिचयाचा आहे. त्याच्याभोवती निःस्वार्थतेचे एक वलय आहे. पण या शब्दाला एक जोडशब्द आहे आणि तो सहसा उच्चारला जात नाही. महाराष्ट्रातल्या सातबाराच्या उताऱ्यावर वयात न आलेल्या वारसाचे नाव लागते, तेव्हा सोबत 'अ. पा. क.' ही तीन अक्षरे आणि कोणा वडीलधाऱ्याचे नाव येते. अज्ञान पालनकर्ता असा त्यांचा अर्थ. वयाने लहान असलेल्याला महसुलाची आणि न्यायालयाची मराठी 'अज्ञान' म्हणते. जेथे पालनकर्ता आहे, तेथे कोणीतरी अज्ञान ठरलेला असतोच. टांगानिकातली ऐंशी-नव्वद लाख माणसे अशा रीतीने अज्ञान ठरली होती. ती वयात केव्हा येतील, हे सांगण्याचा अधिकार बराचसा पालनकर्त्याकडेच होता.

युरोपीय सत्तेविरुद्ध उभा राहणारा नेता या व्यवस्थेला नकार देतो, तेव्हा तो नेमके काय नाकारत असतो? पालनकर्ता अप्रामाणिक आहे, असे त्याचे म्हणणे असते, की मुळात येथे कोणी अज्ञान नाही, असे? चळवळीच्या भरात हे दोन नकार एकमेकांत मिसळून जातात, आणि ते वेगळे करून पाहण्याची निकड कोणालाच वाटत नाही. व्यासपीठावरच्या भाषणात दोन्ही एका दमात येतात. परंतु स्वातंत्र्य मिळाल्यावर त्यांचे मार्ग फुटतात. पहिल्या नकाराचे समाधान नवा, अधिक प्रामाणिक विश्वस्त नेमून होऊ शकते. दुसऱ्या नकाराचे समाधान विश्वस्तपदच रद्द केल्यावाचून होत नाही. मुक्तिलढ्याच्या नेत्यांचे नैतिक मूल्यमापन करताना त्यांच्या त्यागाची मोजदाद पुष्कळ झाली आहे. हा प्रश्न त्या मानाने कमी विचारला गेला आहे.

तो विचारण्यासाठी भ्रष्ट नेता उपयोगी पडत नाही. झाईरच्या मोबुटूने देश लुटला, हे सांगून झाले की नीतिशास्त्राला तेथे फारसे काम उरत नाही. लोभी माणसाच्या हाती सत्ता गेल्यावर काय होते, हे कळण्यासाठी विचार करावा लागत नाही. प्रश्नाची खरी धार दिसते ती निर्मळ माणसाच्या बाबतीत, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्युलियस न्येरेरे यांच्याइतका निर्मळ राष्ट्रप्रमुख शोधून काढणे अवघड आहे. टांगानिकाचे, आणि १९६४ मध्ये झांझिबारशी संयोग झाल्यावर टांझानियाचे, ते १९८५ पर्यंत नेतृत्व करीत राहिले. १९९५ साली भारताने गांधी शांतता पुरस्कार सुरू केला, तेव्हा पहिला मान त्यांना दिला. त्यांच्या देशात लोक त्यांना 'म्वालिमू' म्हणत, म्हणजे गुरुजी. 'मुअल्लिम' या अरबी शब्दाचेच हे स्वाहिली रूप. ही पदवी मानाची होती आणि प्रेमाची होती. शिवाय ती वस्तुस्थितीला धरून होती, कारण राजकारणात पडण्यापूर्वी ते खरोखरच शाळामास्तर होते. पण गुरुजी म्हटले की समोर बाकांवर बसलेली मुलेही गृहीत धरली जातात.

न्येरेरे यांचा जन्म १९२२ चा, व्हिक्टोरिया सरोवराच्या पूर्वेकडील बुटियामा या गावचा. वडील झानाकी या लहानशा जमातीचे प्रमुख. ताबोराची शाळा, युगांडातले मॅकेरेरे आणि नंतर एडिंबरा विद्यापीठ, असा शिक्षणाचा प्रवास. १९५२ मध्ये एडिंबरातून पदवी घेऊन ते परतले आणि दार-एस-सलामजवळच्या पुगू येथील मिशनच्या शाळेत शिकवू लागले. १९५४ च्या जुलैत त्यांच्या नेतृत्वाखाली 'टानू' हा पक्ष स्थापन झाला, आणि पुढच्याच वर्षी नोकरी की राजकारण, असा पर्याय समोर येताच त्यांनी नोकरी सोडली.

ज्या विश्वस्ताविरुद्ध हा पक्ष उभा राहिला, त्याचा कारभार कसा होता? दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडात खाद्यतेलाचा तुटवडा होता. तो भागवण्यासाठी ब्रिटिश सरकारने टांगानिकाच्या कोंग्वा वगैरे भागात भुईमुगाच्या लागवडीची एक प्रचंड योजना १९४७ साली हाती घेतली. स्थानिक माणूस त्या रानात भुईमूग का लावत नाही, हे त्याला विचारण्याची आवश्यकता कोणाला वाटली नाही. झाडांची मुळे यंत्रांना दाद देईनात, उन्हात जमीन विटेसारखी कडक होई, पाऊस अपुरा पडे. १९५१ मध्ये ही योजना गुंडाळली गेली तेव्हा तीन कोटी साठ लाख पौंड बुडाले होते. शेंगा म्हणाव्या तशा कोणाच्याच हाती लागल्या नाहीत. कोकणातल्या किंवा खानदेशातल्या कोणत्याही कुणब्याने अर्ध्या तासात सांगितली असती अशी ही गोष्ट होती. पण अज्ञानाला विचारायचे नसते, ही विश्वस्तपदातली पहिली गृहीत गोष्ट.

दुसरी हकिगत हसण्यासारखी नाही. १९५१ च्या अखेरीस मेरू पर्वताजवळच्या एंगारे नान्युकी येथून सुमारे तीन हजार मेरू लोकांना त्यांच्या जमिनीवरून हटवण्यात आले. तेथे गोऱ्या शेतकऱ्यांना पशुपालनासाठी जागा द्यायची होती. पोलीस आले, सामान बाहेर काढले गेले आणि घरे जाळण्यात आली. मेरूंनी तक्रार केली ती थेट संयुक्त राष्ट्रसंघाकडे. त्यांचा प्रतिनिधी किरिलो जेफेट १९५२ मध्ये न्यूयॉर्कला गेला आणि जगासमोर आपले म्हणणे मांडून आला. जमीन त्या वेळी परत मिळाली नाही. परंतु या तक्रारीने टांगानिकाच्या राष्ट्रीय जाणिवेला जेवढे बळ दिले, तेवढे कोणत्याही जाहीरनाम्याने दिले नसेल. या प्रसंगातील एक तपशील पुढच्या विवेचनासाठी ध्यानात ठेवला पाहिजे. विश्वस्ताने अन्याय केला, पण विश्वस्ताच्या वर कोणीतरी होते. अज्ञानाला दाद मागायला जागा होती.

१९५५ च्या मार्चमध्ये न्येरेरे स्वतः त्याच जागी, न्यूयॉर्कच्या विश्वस्त मंडळासमोर, उभे राहिले. मंडळाच्या भेट देणाऱ्या पथकाने वीस-पंचवीस वर्षांत टांगानिका स्वशासनास पात्र होईल, असा अंदाज दिला होता, आणि ब्रिटिशांना तोही घाईचा वाटत होता. न्येरेरे यांची मागणी नेमस्त होती. हा देश आफ्रिकी लोकांचा आहे, हे तत्त्व मान्य करा, एवढीच. पुढच्या वर्षी त्यांनी त्याच संघटनेच्या व्यासपीठावर १९०५ च्या माजी-माजी बंडाची आठवण करून दिली. जर्मनांनी सक्तीने कापूस पिकवायला लावला, त्यातून ते बंड पेटले आणि पिके जाळून, उपासमार घडवून जर्मनांनी ते मोडले. काळ्या माणसाला सुधारण्याचा गोऱ्या माणसाचा अधिकारच त्या बंडखोरांनी अमान्य केला होता, असा न्येरेरे यांच्या म्हणण्याचा आशय होता. येथे तो दुसरा, अधिक मूलगामी नकार स्पष्ट ऐकू येतो. अडाणी समजल्या गेलेल्या, मंतरलेल्या पाण्याने गोळ्या वितळतील असे मानणाऱ्या शेतकऱ्यांनाही स्वतःचे हित ठरवण्याचा हक्क होता, असे सांगणारा माणूस विश्वस्तपदाचे मूळच उपटून काढीत होता.

या ठिकाणी जॉन स्टुअर्ट मिलची आठवण अपरिहार्य आहे. मराठी विचारविश्वात मिल आगरकरांच्या वाटेने आला आणि घरचा झाला. न्येरेरे यांनीही मॅकेरेरेत विद्यार्थी असताना मिलच्या स्त्रीदास्यविषयक प्रतिपादनाचा आधार घेऊन आपल्या समाजातील स्त्रियांवर निबंध लिहिला होता. माणसाच्या स्वतःच्या भल्यासाठीसुद्धा त्याच्यावर सक्ती करता येत नाही, हा मिलचा १८५९ मधला सिद्धांत सर्वांना ठाऊक असतो. त्याच पुस्तकात, प्रारंभीच, त्याने घातलेला अपवाद तितकासा ठाऊक नसतो. हा सिद्धांत मुलांना लागू नाही. आणि ज्या समाजांची अवस्था अजून बाल्याची आहे त्यांनाही लागू नाही. त्यांच्या सुधारणेसाठी सदहेतूने चालवलेली एकसत्ता क्षम्य आहे. मिलने पस्तीस वर्षे ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत काम केले होते, हे लक्षात घेतले म्हणजे हा अपवाद कोठून आला, याचा शोध दूर जाऊन घ्यावा लागत नाही. आशिया-आफ्रिकेतील मुक्तिलढ्यांनी मिलचा सिद्धांत हाती घेतला आणि अपवाद गोऱ्यांना परत केला. निदान तसे त्यांना वाटले.

स्वातंत्र्यानंतर न्येरेरे यांनी जे केले ते अनेकांना चक्रावून टाकणारे होते. स्वातंत्र्य मिळून दीड महिना होतो न होतो, तोच जानेवारी १९६२ मध्ये त्यांनी पंतप्रधानपदाचा राजीनामा दिला आणि ते खेड्यापाड्यांतून पक्षाची बांधणी करण्यासाठी निघून गेले. वर्षअखेरीस देश प्रजासत्ताक झाला तेव्हा ते अध्यक्ष म्हणून परत आले. याच सुमारास त्यांनी शेक्सपिअरच्या 'ज्युलियस सीझर'चे स्वाहिलीत निर्यमक पद्यात भाषांतर केले. ते १९६३ मध्ये प्रसिद्ध झाले. आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' केले ते टिळकांबरोबरच्या तुरुंगवासाच्या दिवसांशी निगडित आहे. तेव्हा राजकीय धकाधकीत शेक्सपिअरशी झोंबणारा माणूस मराठी वाचकाला परका वाटू नये. पण सत्तेवर नुकताच आलेला, स्वतःचे नाव ज्युलियस असलेला एक अध्यक्ष हेच नाटक निवडतो, यात काही गंमत आहे आणि काही गांभीर्यही. स्वाहिली ही साहित्याची आणि राष्ट्राची भाषा होऊ शकते, हे सिद्ध करणे हा त्यामागचा उघड हेतू. (१९६९ मध्ये त्यांनी 'मर्चंट ऑफ व्हेनिस'ही भाषांतरित केले, आणि त्याच्या शीर्षकात 'माबेपारी' हा शब्द योजला. स्वाहिलीतला हा 'बेपारी' हिंदी महासागर ओलांडून गेलेला आपला व्यापारीच. तिथे पोचेपर्यंत त्याचा भांडवलदार झाला, एवढेच.) परंतु 'सीझर'च्या भाषांतरकाराला ब्रूटसच्या त्या रात्रीच्या स्वगतातून शब्दाशब्दाने जावे लागले असणार. सीझरने अद्याप काही केलेले नाही. तो पुढे काय होईल, या भयाने ब्रूटस त्याला मारायचे ठरवतो. आणि कटवाल्यांना ब्रूटस हवा असतो तो त्याच्या तलवारीसाठी नव्हे. त्याच्या चारित्र्यावर लोकांचा विश्वास असतो, म्हणून तो हवा असतो. निर्मळ माणसाचा विश्वास उसना घेऊन काय काय पार पाडता येते, याचा तो नाट्यपाठ आहे. त्याच १९६२ मध्ये खटल्यावाचून स्थानबद्ध करण्याचा अधिकार देणारा कायदा न्येरेरे यांच्या सरकारने केला होता, आणि हा अधिकार वाईट हाती पडणार नाही, याची हमी बहुतांशी त्यांच्या चारित्र्याचीच होती.

फेब्रुवारी १९६७ मधल्या आरुशा घोषणेने समाजवाद आणि स्वावलंबन हे देशाचे मार्ग ठरवले. त्याच वर्षी लिहिलेल्या ग्रामविकासावरच्या निबंधात न्येरेरे यांनी 'उजामा' खेड्यांची कल्पना मांडली. उजामा म्हणजे कुटुंबभाव. विखुरलेल्या शेतकऱ्यांनी एकत्र राहावे, काही जमीन एकत्र कसावी आणि शाळा, पाणी, दवाखाना यांचा लाभ घ्यावा. हे लोकांनी आपण होऊन करायचे. त्यांच्यावर लादायचे नाही, हे त्यांनी निःसंदिग्ध शब्दांत लिहून ठेवले. ही कल्पना हवेत उगवली नव्हती. देशाच्या दक्षिणेला, रुवुमा भागात, स्वातंत्र्याच्या सुमारास काही तरुणांनी लिटोवा नावाचे गाव रान तोडून वसवले होते. त्याच्या आसपास तशीच पंधराहून अधिक गावे उभी राहिली, त्यांचा एक संघ झाला, त्यांची स्वतःची शाळा झाली. तेथे निर्णय बैठकीत होत आणि बाहेरच्या अधिकाऱ्याला पाहुण्याइतकाच मान असे. न्येरेरे यांना हे गाव मनापासून आवडे. त्यांच्या लेखनावर लिटोवाचा ठसा आहे.

सप्टेंबर १९६९ मध्ये सत्ताधारी पक्षाच्या केंद्रीय समितीने रुवुमाचा हा संघ बेकायदा ठरवून बंद केला. आपण होऊन समाजवादी झालेली खेडी पक्षाच्या स्थानिक पुढाऱ्यांना डोईजड होत होती. ती कोणाचे ऐकत नसत. पक्षाचे अध्यक्ष न्येरेरेच होते. त्यांना या निर्णयाने आनंद झाला नसेल, पण तो त्यांनी थांबवला नाही. त्यांच्या साऱ्या कारकिर्दीत याहून दुःखद असा क्षण दुसरा नसावा. पुढच्या घटनांमध्ये जीव अधिक गेले, नुकसान अधिक झाले. परंतु लोक अज्ञान नाहीत, याचा जो एकमेव सबळ पुरावा देशात उभा होता, तो मुक्तिदात्याच्या पक्षाने स्वतःच्या हाताने मिटवला. त्यानंतर उरले ते फक्त वेळापत्रक.

इरिंगा भागातल्या इसिमानी येथे मक्याची मोठी शेती करणारे काही शेतकरी होते. १९७१ च्या नाताळच्या दिवशी तेथील प्रादेशिक आयुक्त, स्वतः डॉक्टरेट मिळवलेला आणि उजामावर निष्ठा असलेला माणूस, अशा एका शेतकऱ्याच्या रानात गेला. बाचाबाची झाली. शेतकऱ्याने त्याला गोळी घातली, आणि मग स्वतःच प्रेत गाडीत घालून पोलीस ठाण्यावर नेले. खटला चालला, शेतकरी फाशी गेला. हा शेतकरी काही हुतात्मा नव्हता. पक्षाच्या परिभाषेत तो शोषक होता आणि कदाचित काही अंशी ते खरेही असेल. मारला गेलेला अधिकारीही जुलमी म्हणून कुप्रसिद्ध असलेल्या जर्मन जमादाराच्या जातीचा नव्हता. दोन स्वतंत्र नागरिक एका शेताच्या बांधावर समोरासमोर आले आणि एकाला वाटले की दुसऱ्याचे हित आपल्याला अधिक कळते.

नोव्हेंबर १९७३ मध्ये न्येरेरे यांनी जाहीर केले की १९७६ अखेरपर्यंत सर्व ग्रामीण जनतेने खेड्यांत राहायला गेलेच पाहिजे. त्याच वर्षी त्यांच्या भाषण-लेखांचा 'स्वातंत्र्य आणि विकास' या अर्थाच्या शीर्षकाचा खंड प्रसिद्ध झाला, आणि माणसांचा विकास कोणी दुसरा करू शकत नाही, तो माणसेच करतात, हे विधान त्यात आहे. पुढच्या तीन वर्षांत निदान पन्नास लाख माणसे हलवली गेली. पुष्कळ ठिकाणी ती मुकाट्याने गेली. जेथे गेली नाहीत, तेथे सैनिक आणि पक्षाचे स्वयंसेवक आले, छपरे उचकटली गेली, काही ठिकाणी घरांना आगी लावण्यात आल्या. नवी गावे रस्त्यालगत, सरळ रेषेत आखलेली. शेते मैलोगणती मागे राहिली. कोठल्या उतारावर कोणते पीक कोणत्या वर्षी घ्यायचे, हे त्या त्या रानाशी जडलेले पिढ्यांचे ज्ञान रस्त्याकडेला निरुपयोगी झाले. त्यातच अवर्षण आले आणि बाहेरून धान्य आणावे लागले. टंचाईला दुष्काळ किती कारणीभूत होता आणि स्थलांतर किती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. एंगारे नान्युकीची आठवण मात्र त्या पिढीत कोणाला झालीच नसेल, असे म्हणवत नाही.

न्येरेरे यांची बाजू दुबळी नाही, आणि ती दुबळी करून मांडणे हा लबाडपणा होईल. झोपडी-झोपडीपर्यंत पाणी नेण्याइतका पैसा कोणत्याही गरीब देशाकडे नसतो. माणसे एकत्र आली म्हणून शाळा काढता आल्या. प्राथमिक शिक्षण जवळजवळ सार्वत्रिक झाले, प्रौढ साक्षरता वेगाने वाढली, मुलांना लशी मिळाल्या. एकशेवीसहून अधिक जमातींचा हा देश शेजाऱ्यांसारखा रक्तात न्हाला नाही, यात एका भाषेचा आणि एका शाळेचा वाटा मोठा आहे. तहानलेल्याला स्वातंत्र्याचा सिद्धांत सांगत बसणे ही चैन आहे, असे कोणी म्हटले, तर त्याला एका वाक्यात गप्प करता येणार नाही. भारतातही दुसरा मार्ग पोहून पाहिला गेला होता. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीत पहिले भूदान स्वीकारल्यापासून विनोबा दोन दशके देशभर फिरले. पुढे ग्रामदान आले. त्यात गावाची कल्पना उजामाच्या फार जवळची होती. विनोबांनी सक्तीचा विचारही केला नाही. परिणाम काय झाला? लक्षावधी एकर मिळाले, त्यांतले बरेच नापीक निघाले, बरेच वाटलेच गेले नाहीत. मन वळवण्याच्या मार्गाने माणसे क्वचितच वळतात, आणि वळली तरी फार सावकाश वळतात. हे सत्य कटू आहे आणि न्येरेरे यांच्यापाशी वेळ नव्हता, हेही सत्य आहे.

पण त्यांच्या समर्थनाचा हा सारा युक्तिवाद मिलच्या त्या अपवादाशी ताडून पाहावा. हेतू चांगला आहे, फळ हितकर आहे, लोकांना अजून कळत नाही, कळेल तेव्हा ते आभार मानतील. यातील प्रत्येक वाक्य भुईमुगाच्या योजनेच्या दप्तरातही सापडू शकेल. फरक असा की ब्रिटिशांवर कोणाचा विश्वास नव्हता आणि न्येरेरे यांच्यावर सर्वांचा होता. तो विश्वास त्यांनी फसवून मिळवला नव्हता. नोकरी सोडून, तुटपुंज्या साधनांनी गावोगाव हिंडून मिळवला होता. मुक्तिलढ्यातून असा विश्वास नेत्याकडे गोळा होतो, तो परक्यांना घालवण्यासाठी. उरलेली शिल्लक कोणाची, हे त्या वेळी कोणी ठरवून ठेवत नाही. मेलेल्या बापाच्या पेटीसारखी ती नेत्याच्या घरी पडून राहते. आणि एके दिवशी एखाद्या उदात्त कामासाठी तो तिच्यात हात घालतो.

या धोक्याची चाहूल भारतीय नेतृत्वाला नव्हती असे नाही. नोव्हेंबर १९३७ मध्ये कलकत्त्याच्या 'मॉडर्न रिव्ह्यू'त 'चाणक्य' या टोपणनावाने एक लेख आला. जवाहरलाल नेहरू लोकप्रिय आहेत, सुहृद आहेत, पण थोडी कलाटणी मिळाली तर ते हुकूमशहा होऊ शकतील, तेव्हा त्यांना पुन्हा काँग्रेसचे अध्यक्ष करू नका, असे त्याचे तात्पर्य होते. लेखक स्वतः नेहरूच होते, हे मागाहून उघड झाले. आत्मपरीक्षणाचा हा प्रकार विलोभनीय आहे, पण त्यात एक गोची आहे: नेहरूंवर पहारा ठेवायलाही शेवटी नेहरूच. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत हा प्रश्न नेमक्या बाजूने धरला. कितीही थोर माणूस असो, आपले स्वातंत्र्य त्याच्या पायाशी ठेवू नये, हा मिलचाच इशारा त्यांनी उद्धृत केला आणि धर्मातली भक्ती मोक्षाकडे नेत असेल, राजकारणातली अधःपाताकडे नेते, असे बजावले. मिलने ज्यांना अपवादात घातले होते त्यांच्यातलाच, आणि त्यांच्यातही सर्वांत खालच्या पायरीवर लोटलेल्यांचा, एक प्रतिनिधी मिलचा सिद्धांत अपवादाविना वापरत होता. नेत्याने कसे असावे, हे आंबेडकर सांगत नव्हते. ते अनुयायांशी बोलत होते.

विश्वस्ताच्या चारित्र्याने विश्वस्तपदाचा प्रश्न सुटत नाही, हे कायद्याला पूर्वीपासून माहीत आहे. म्हणूनच विश्वस्ताला हिशेब द्यावा लागतो; आणि तो स्वतःच्या सदसद्विवेकाला नव्हे, तर ज्याची मालमत्ता आहे त्याला. टांझानियात हिशेब मागण्याच्या जागा एकेक करून कमी झाल्या. १९६५ पासून पक्ष एकच उरला. अर्थात त्याही निवडणुकीत एका जागेसाठी पक्षाचेच दोन उमेदवार उभे राहत आणि मंत्री पडत, ही गोष्ट नमूद केली पाहिजे. १९७२ मध्ये निवडून आलेल्या स्थानिक संस्था बरखास्त झाल्या. १९७६ मध्ये शेतकऱ्यांचे सहकारी संघ गेले. नागरिकांच्या तक्रारी ऐकण्यासाठी १९६६ साली एक स्थायी चौकशी आयोग नेमला होता, आफ्रिकेत तो त्या प्रकारचा पहिलाच. पण त्याचा अहवाल जाई तो अध्यक्षांकडे. १९५२ मध्ये किरिलो जेफेटला न्यूयॉर्क होते. १९७४ मध्ये छप्पर गमावलेल्या शेतकऱ्याला न्यूयॉर्क नव्हते, कारण तो आता स्वतंत्र देशाचा नागरिक होता आणि त्याच्या वतीने बोलणारे गुरुजी त्याच्यासमोरच उभे होते.

सत्ता सोडण्याच्या सुमारास, १९८४ मधील एका मुलाखतीत, न्येरेरे यांनी दोन चुका कबूल केल्या. स्थानिक संस्था मोडल्या ती एक आणि सहकारी संघ मोडले ती दुसरी. आपण उतावळे होतो आणि अज्ञान होतो, अशा अर्थाचे ते बोलले. मराठीत हा शब्द घेताना क्षणभर थबकायला होते. सातबारावरच्या दोन नावांची अदलाबदल झाल्यासारखी वाटते. पालनकर्ताच म्हणतो आहे की, कळत नव्हते ते मला. विसाव्या शतकातल्या किती राष्ट्रप्रमुखांनी सत्तेवर असताना असे म्हटले असेल? या कबुलीचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तरी ती वाचताना दिसते की चुका म्हणून ज्यांची नावे घेतली गेली त्या संस्था आहेत. छपरांचा उल्लेख नाही. आरुशा घोषणेच्या मूळ विचारावर त्यांची श्रद्धा अखेरपर्यंत ढळली नाही. पण ज्या दोन गोष्टींची त्यांना खंत वाटली, त्याच हिशेब मागण्याच्या जागा होत्या. हे त्यांना न उमगता सुचले असेल असे वाटत नाही. दोन्ही संस्था पुढे परत आणाव्या लागल्या. १९९० मध्ये एकपक्षीय व्यवस्थेचाही फेरविचार झाला पाहिजे, असे म्हणणाऱ्यांत ते अग्रभागी होते, आणि १९९२ मध्ये ती व्यवस्था संपली.

१९८५ मध्ये त्यांनी अध्यक्षपद स्वेच्छेने सोडले. त्या काळच्या आफ्रिकेत ही गोष्ट इतकी दुर्मीळ होती की जगाने तिच्याकडे कौतुकाने पाहिले, आणि ते योग्यच होते. १९९९ च्या ऑक्टोबरात लंडनमध्ये त्यांचे निधन झाले, आणि दफन बुटियामात झाले. मधली वर्षे त्यांनी बरीचशी त्या जन्मगावी, वडिलांच्या रानात, शेती करीत आणि भाषांतरे करीत घालवली. शुभवर्तमाने स्वाहिली पद्यात आणण्याचे काम त्याच काळातले. त्याच वर्षांत देशभर आणखी एक घडत होते, आणि त्याची बातमी कोणी छापत नव्हते. रस्त्याकडेच्या सरळ रेषेतल्या गावांमधून कुटुंबे एकेक करून उठत होती आणि डोंगरामागच्या जुन्या शेतांकडे परत जात होती. कोणी परवानगी मागितली नाही, कोणी अडवलेही नाही. काहींनी गावातले घर ठेवले, कारण शाळा तिथेच होती. पेरणीच्या दिवसांत ते रानात राहत.